नाव ठेवण्याआधी

मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांच्यात एका अनुस्वाराचा फरक. पहिलं बारशाच्या दिवशी उरकतं, दुसरं पुढे जन्मभर चालतं. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या जगातही तसंच आहे. फक्त तिथे बारसं करणारा एक असतो आणि नावं ठेवणारा भलताच कुणीतरी. पाच वर्षांनी, रात्री अकरा वाजता, अडकलेलं यंत्र पुढ्यात घेऊन बसलेला आणि मूळ लेखकाला आयुष्यात न भेटलेला माणूस. ही पुस्तिका त्या माणसाच्या बाजूने लिहिली आहे. मी दोन्ही खुर्च्यांवर बसलो आहे, म्हणून पक्ष घेण्याचा अधिकार आहे असं समजतो.

विषय अगदी चिंचोळा आहे. लिनक्स कर्नलमधले वायरलेस ड्रायव्हर, त्यांतली कॉलबॅक फंक्शनं, त्यांना द्यायची नावं आणि त्यांच्या डोक्यावर लिहायच्या टिपा. एवढ्याशावर पुस्तिका कशाला, असं एका मित्राने विचारलं. त्याला म्हटलं, तुझ्या ड्रायव्हरमधला कुठलाही एक कॉलबॅक निवड, आणि त्याला कोण, केव्हा, कुठल्या अवस्थेत बोलावतं तेवढं सांग. तो लॅपटॉप उघडून बसला. चहा गार झाला, उत्तर निम्मंच निघालं.

कॉलबॅक म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढच्या काही ओळी ओलांडाव्यात. दवाखान्यात गेल्यावर आपण कंपाउंडरकडे नाव लिहून देतो आणि बाकावर बसतो. आत केव्हा जायचं ते आपण ठरवत नाही. नंबर आला की तो हाक मारतो आणि आपण उठतो. वहीत लिहिलेलं नाव म्हणजे फंक्शनचा पॉइंटर आणि ती हाक म्हणजे कॉलबॅक. हाक आल्यावर ‘जरा थांबा, चहा घेऊन येतो’ म्हणायची सोय नसते, कारण मागे रांग खोळंबलेली असते. पण एखाद्या वेळी डॉक्टर स्वतःच म्हणतात, खाली जाऊन रक्त तपासून या, मी आहे. तेव्हा वेळ काढला तरी चालतो. आता आपल्याला आलेली हाक कोणत्या जातीची आहे, हे नुसत्या आवाजावरून कळत नाही. ते आधी कुणीतरी सांगून ठेवावं लागतं. या पुस्तिकेतलं बहुतेक सगळं रामायण या एका गोष्टीभोवती आहे.

वायरलेसच्या बाबतीत कंपाउंडरचं काम मॅक८०२११ हा कर्नलमधला थर करतो. त्याच्या आधी जवळपास प्रत्येक चिपच्या ड्रायव्हरची चूल वेगळी होती. डिव्हाइसस्केप कंपनीने आपला वायरलेस स्टॅक जीपीएलखाली खुला केला, त्याची बरीच डागडुजी झाली आणि जुलै २००७ मध्ये लिनक्स २.६.२२ बरोबर तो मुख्य कर्नलमध्ये आला. तेव्हापासून ड्रायव्हरने करायचं ते एवढंच की ‘आयईईई८०२११_ऑप्स’ नावाचा एक तक्ता भरून द्यायचा. पाठवायची फ्रेम आली की हे फंक्शन, नवा इंटरफेस जोडला की ते फंक्शन, स्कॅन करायचा असेल तर तिसरं. तक्त्यात डझनावारी रकाने आहेत आणि भरलेच पाहिजेत असे मोजके. (ज्या चिपा सगळा व्यवहार फर्मवेअरच्या आतच उरकतात, त्यांचे ड्रायव्हर एक पायरी वर, सीएफजी८०२११ ला तक्ता देतात. तक्ता वेगळा, दुखणं तेच.)

कोडमधली नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत, अधोरेषा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. पहिली दोन पानं डोळ्यांना खुपतील, नंतर सवय होते. आपण बोलताना ती नावं अशीच तर उच्चारतो.

आता माझीच एक चूक. काही वर्षांपूर्वी पुण्यात आमच्या चारजणांच्या गटाकडे एका यूएसबी वायफाय चिपचा ड्रायव्हर होता. चिप ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवायची होती. जोडलेल्या फोनची माहिती चिपला कळवायला मी एक फंक्शन लिहिलं. नाव ठेवलं ‘अमुक_स्टा_अपडेट’ (कंपनी कोणती ते सांगायचं नाही, म्हणून अमुक), आणि वर टीप लिहिली: स्टेशन अपडेट करते. म्हणजे नावात होतं तेच पुन्हा. हे फंक्शन ‘स्टा_स्टेट’ या कॉलबॅकमधून बोलावलं जायचं. फोन जोडला जातो, ओळख पटते, परवानगी मिळते, त्या पायऱ्यांची ही हाक. या हाकेत झोपायला परवानगी आहे. कर्नलच्या भाषेत झोपणं म्हणजे काम होईपर्यंत प्रोसेसर दुसऱ्याला देऊन थांबून राहणं. यूएसबीवरून चिपला निरोप धाडून उत्तराची वाट पाहायची तर झोपावंच लागतं. तोवर सगळं ठीक.

पुढे दुसऱ्या एका सहकाऱ्याला ‘स्टा_नोटिफाय’ हा रकाना भरायचा होता. फोन वीज वाचवायला डुलकी काढतो किंवा जागा होतो, तेव्हाची ही हाक. त्याने पाहिलं, स्टेशनची माहिती चिपला कळवणारं फंक्शन तयारच आहे. नाव अपडेट, टीप अपडेट. त्याने ते तिथे जोडून दिलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

‘स्टा_नोटिफाय’ मध्ये झोपायला सक्त मनाई आहे. ती हाक फ्रेम आत येण्याच्या वाटेवरून, सॉफ्टआयआरक्यूमधून येते. तिथे थांबलं की रांग थांबत नाही, रांगच कोसळते. पण चाचणीत काहीच दिसलं नाही. टेबलावरच्या फोनवरून आम्ही सतत पिंग चालू ठेवायचो आणि बिचारा फोन कधी डुलकी काढतच नव्हता. पेटी ग्राहकाकडे गेली. तिथले फोन खिशात होते. खिशातला फोन झोपला की आमचं फंक्शनही झोपायचं, आणि कर्नल ‘शेड्युलिंग व्हाइल ॲटॉमिक’ अशी बोंब मारून कधी तसाच पुढे रेटायचा, कधी जागच्या जागी थिजायचा. हे ध्यानात यायला आम्हाला आठवडा गेला. दुरुस्तीला दुपार पुरली. हाकेला ओ देणारं एक फंक्शन वेगळं केलं, ते फक्त यादीत नोंद करून वर्कक्यूला काम लावतं. यूएसबीचा निरोप त्या कामात जातो, सावकाश, झोपून.

या सगळ्यात कोड चुकीचा म्हणावा असा कुणीच लिहिला नव्हता. मॅक८०२११ च्या हेडर फाइलमध्ये दोन्ही रकान्यांपुढे स्पष्ट नोंद आहे की हा झोपू शकतो, हा ॲटॉमिक असलाच पाहिजे, म्हणजे झोपू नये. ती नोंद आमच्या फंक्शनच्या नावात उतरली नाही, टिपेतही उतरली नाही. हाक कोणाची हे आम्ही लिहिलंच नव्हतं. फंक्शन काय करतं तेवढं लिहिलं होतं, आणि ते तर कोड वाचून कुणालाही कळलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. साध्या फंक्शनचं नाव कामावरून ठेवावं, कॉलबॅकचं नाव हाकेवरून. साध्या फंक्शनला कोण बोलावतं ते शोधलं की सापडतं. कॉलबॅकचं तसं नाही. ‘बी४३_ऑप_टीएक्स’ हे नाव बी४३ च्या कोडमध्ये शोधा. एकदा फंक्शन लिहिलं आहे तिथे सापडेल आणि एकदा तक्त्यात, ‘टीएक्स’ या रकान्यासमोर. त्याला नावाने बोलावणारी एकही ओळ कुठे नाही. प्रत्यक्ष हाक मॅक८०२११ च्या पोटात ‘ऑप्स’मधल्या ‘टीएक्स’ला जाते आणि तिथे बी४३ चं नाव येण्याचा प्रश्नच नाही. दोन टोकांना जोडणारा धागा म्हणजे तक्त्यातली ती एक ओळ, आणि आपण ठेवलेलं नाव.

बी४३ चा उल्लेख मुद्दाम केला. ब्रॉडकॉमच्या चिपांचा हा ड्रायव्हर, आणि नावांच्या बाबतीत माझ्या मते सगळ्यांत शहाणा. वरून, म्हणजे मॅक८०२११ कडून, येणाऱ्या हाकेचं जवळपास प्रत्येक फंक्शन ‘बी४३_ऑप_’ने सुरू होतं: ऑप_टीएक्स, ऑप_स्टार्ट, ऑप_ॲड_इंटरफेस. आधी घराणं, मग ‘ऑप’, मग रकान्याचं नाव, बहुतेकदा जसंच्या तसं. शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी लिहायचे, तसं. कार्ल९१७० ने हीच रीत पाळली. एटीएच९के मध्ये नुसतं ‘एटीएच९के_टीएक्स’, ‘एटीएच९के_स्टार्ट’ आहे. वाईट नाही, पण ते तक्त्यातलं आहे की घरातलं, हे नावावरून ओळखता येत नाही. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये ‘आयडब्ल्यूएल_एमव्हीएम_मॅक_’ असं लांबलचक आडनाव. लांब आहे, पण त्यातलं ‘मॅक’ कामाचं आहे. कर्नल कोसळल्यावर पडद्यावर जी नावांची उतरंड छापली जाते, ती वाचताना ‘ऑप’ किंवा ‘मॅक’ दिसलं की कळतं, इथवर वरचा थर होता, इथून आपलं घर सुरू.

आमच्याकडे बोलताना ‘वरून आलं की खालून?’ हा पहिला प्रश्न असतो. खालच्या हाकांची, म्हणजे यूएसबी आणि फर्मवेअरकडून येणाऱ्यांची, नावं जास्त विस्कळीत आहेत. यूएसबीचा एक व्यवहार पुरा झाला की येणाऱ्या हाकेला कार्ल९१७० मध्ये ‘_कम्प्लीट’ लावतात, पी५४ मध्ये ‘_सीबी’, आरटी२एक्स००मध्ये ‘_टीएक्सडन’. फर्मवेअरची फाइल डिस्कवरून आली, आता पुढचं चालू करा, या एकाच हाकेची तीन नावं पाहा. बी४३ मध्ये ‘बी४३_एफडब्ल्यू_सीबी’, इंटेलकडे ‘आयडब्ल्यूएल_रेक_एफडब्ल्यू_कॉलबॅक’, कार्ल९१७० मध्ये ‘कार्ल९१७०_यूएसबी_फर्मवेअर_स्टेप२’. पहिल्या दोन्हींनी ‘मी कॉलबॅक आहे’ एवढंच सांगितलं, म्हणजे बाळाचं नाव ‘बाळ’. तिसऱ्याने कितवी पायरी ते सांगितलं. ज्या बी४३ ची आत्ताच तारीफ केली, तो खालच्या हाकेला इथे असा घसरतो. शहाणपण सगळ्या खोल्यांत सारखं पसरलेलं नसतं.

‘सीबी’ची आणखी एक गंमत आहे. नेटवर्किंगच्या कोडमध्ये प्रत्येक पॅकेट ज्या रचनेतून हिंडतं तिच्यात ‘सीबी’ नावाचा ४८ बाइटांचा एक कप्पा असतो. तिथे ‘सीबी’ म्हणजे कंट्रोल बफर. ज्याच्या हातात पॅकेट असेल त्याने आपल्या टिपा त्यात ठेवायच्या. मॅक८०२११ त्यात पाठवणीचा तपशील ठेवतो आणि तो काढून देणाऱ्या फंक्शनचं नावही ‘आयईईई८०२११_एसकेबी_सीबी’. म्हणजे वायरलेस ड्रायव्हरमध्ये एकाच पानावर ‘सीबी’ दोन अर्थांनी भेटू शकतो. नवखी मुलं हमखास फसतात, आणि दोष त्यांचा नाही.

याहून गुंतागुंतीचं नाव म्हणजे ‘आयईईई८०२११_स्टार्ट_टीएक्स_बीए_सीबी_आयआरक्यूसेफ’. यात ‘सीबी’ कॉलबॅकच आहे, पण दिशा उलटी. अनेक फ्रेमा एकत्र पाठवायचा करार सुरू करा, असं मॅक८०२११ वरून सांगतो. ड्रायव्हर तयारी करतो आणि झालं की हे फंक्शन बोलावून वर कळवतो. हाक मारणारा इथे ड्रायव्हर. नावाच्या शेवटचं ‘आयआरक्यूसेफ’ मात्र सोन्यासारखं आहे, कारण इंटरप्टमधून बोलावलंत तरी हरकत नाही हे ते नावातच सांगून टाकतं. आलेली फ्रेम वर देतानाही अशीच सोय आहे. साधं ‘आरएक्स’, इंटरप्टमधून चालणारं ‘आरएक्स_आयआरक्यूसेफ’ आणि प्रोसेसच्या संदर्भातून बोलावायचं ‘आरएक्स_एनआय’. आणि एका यंत्रासाठी यांची सरमिसळ करायची नाही, हे नावात मावलं नाही म्हणून टिपेत लिहिलेलं आहे. चालू इंटरफेसांवरून एकेक करून फिरवणाऱ्या फंक्शनचेही असेच दोन अवतार आहेत, एक साधा आणि एक ‘_ॲटॉमिक’. साध्याला दिलेला कॉलबॅक झोपू शकतो, दुसऱ्याला दिलेला नाही. ही नावं ठेवणाऱ्याने आपल्यासारख्यांचे किती आठवडे वाचवले असतील!

नावाचं व्याकरणही पाहण्यासारखं आहे. मॅक८०२११ च्या तक्त्यात काही नावं आज्ञार्थी आहेत: ‘स्टार्ट’, ‘ॲड_इंटरफेस’, ‘सेट_की’. काही भूतकाळी: ‘बीएसएस_इन्फो_चेंज्ड’ आणि मल्टी-लिंकसाठी २०२२ मध्ये त्याची फोड होऊन आलेले ‘व्हीआयएफ_सीएफजी_चेंज्ड’ आणि ‘लिंक_इन्फो_चेंज्ड’. आज्ञार्थी रकाना बहुधा पूर्णांक परत करतो, म्हणजे ड्रायव्हरला ‘जमणार नाही’ म्हणता येतं. भूतकाळी रकाना काहीच परत करत नाही. जे व्हायचं ते होऊन गेलं, तुम्हाला फक्त कळवतोय. ‘स्टॉप’ आणि ‘रिमूव्ह_इंटरफेस’ हे मात्र आज्ञार्थी असूनही नकाराला जागा देत नाहीत. निघणाऱ्याला अडवायचं नसतं. ‘टीएक्स’चा परतीचा प्रकारही २०११ मध्ये काढून टाकला गेला. त्याने नाही म्हणूच नये अशी अपेक्षा आधी टिपेत होती, नंतर ती सहीत, म्हणजे फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये, उतरली. मला विचाराल तर टिपेतली गोष्ट सहीत किंवा नावात हलवता आली तर हलवावी. टिपा कुणी वाचतं, कुणी नाही. कंपायलर सहीचा एकेक शब्द वाचतो.

जुनं नाव तोकडं पडलं तर ते बदलावं, जुनं म्हणून जपू नये. ‘रीस्टार्ट_कम्प्लीट’ नावाचा एक कॉलबॅक होता. चिप कोसळून पुन्हा उभी राहिली की येणारी हाक. तशीच हाक सस्पेंडमधून परतल्यावरही हवी झाली, तेव्हा नाव ‘रीकॉन्फिग_कम्प्लीट’ झालं आणि कोणत्या प्रसंगाची हाक ते सांगणारा एक अर्ग्युमेंट वाढला. तो वापरणाऱ्या ड्रायव्हरांत बदल करावे लागले. केले.

टिपांविषयी पुस्तिकेत मोठं प्रकरण आहे, इथे थोडंच. कर्नलमध्ये तिरकी रेघ आणि दोन तारका यांनी सुरू होणारी टीप कर्नल-डॉक वाचतो आणि तिच्यातून पुस्तकं तयार होतात. रकाना वाढवला आणि त्याची ओळ लिहिली नाही, तर तपासणीत इशारा येतो. इशारा ओळ आहे की नाही एवढंच पाहतो, ओळीत काही आहे की नाही ते पाहत नाही. ‘स्टेशन अपडेट करते’ ही माझी टीप त्या तपासणीतून आरामात सुटली असती.

मग लिहावं काय? जे नावातही नाही आणि सहीतही नाही ते. ‘एचडब्ल्यू_स्कॅन’ने १ परत केलं तर मॅक८०२११ स्कॅन स्वतः सॉफ्टवेअरमधून करतो. ही गोष्ट कुठलंच नाव सांगू शकत नाही, ती टिपेतच हवी. ‘स्टा_स्टेट’ भरला असेल तर ‘स्टा_ॲड’ आणि ‘स्टा_रिमूव्ह’ भरायचे नाहीत, हेही तसंच. पण हे सगळं वरच्या थराच्या हेडरमध्ये आधीच लिहिलेलं आहे. तेच ड्रायव्हरमध्ये उतरवून काढण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण वर बदल झाला की खालची नक्कल खोटी ठरते. ड्रायव्हरच्या टिपेत आपल्या घरची गोष्ट हवी. आमच्या त्या दुरुस्तीनंतर फंक्शनच्या डोक्यावर तीन ओळी आल्या, त्या मराठीत अशा होतील: ‘स्टा_नोटिफायची हाक. झोपू नये. इथे फक्त नोंद, यूएसबीचं काम अमुक_स्टा_पीएस_वर्कमध्ये.’ पहिल्या टिपेपेक्षा तीनपट लांब, आणि त्या आठवड्यापेक्षा बरीच आखूड.

टिपेवर भरवसा नसेल तर कोडलाच बोलायला लावावं. मॅक८०२११ ड्रायव्हरला थेट हाक मारत नाही. प्रत्येक हाकेसाठी ‘डीआरव्ही_’ने सुरू होणारं एक छोटं वेष्टन आहे, ड्रायव्हर-ऑप्स नावाच्या फाइलमध्ये. ज्या हाकेत झोपायला परवानगी आहे तिच्या वेष्टनात ‘माइट_स्लीप’ अशी ओळ असते. ही ओळ टीपही आहे आणि पहारेकरीही. डीबगची सोय चालू असेल तर चुकीच्या जागेवरून आलेल्या हाकेला ती तिथल्या तिथे पकडते, मग प्रत्यक्षात कुणी झोपो वा न झोपो. आपल्या झोपणाऱ्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत हा शब्द घालायला काही पडत नाही. मी घातला असता तर सहकाऱ्याची जोडणी पहिल्या डुलकीला पकडली गेली असती. अर्थात त्यासाठी टेबलावरच्या फोनला डुलकी काढू द्यायला हवी होती.

टिपा मराठीत लिहाव्यात का, असं एका विद्यार्थिनीने विचारलं होतं. कर्नलमध्ये पाठवायचं असेल तर इंग्रजीतच. पण टीप सुचते बोलण्यात, आणि आपलं बोलणं मराठीत चालतं. ‘अगं, ही हाक खालून येते, इथे झोपायचं नाही’ हे वाक्य शेजारच्या टेबलावरून जितक्या वेळा ऐकू येतं, तितक्या वेळा ते फाइलमध्ये उतरलं असतं तर ही पुस्तिका लिहावी लागली नसती.

चिप हाताशी नसेल तर अडू नका. मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम नावाचा ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतो. त्याच्यामागे हार्डवेअर नाही, नुसतं लोड केलं की दोन खोटे रेडिओ उभे राहतात. पुढची बहुतेक उदाहरणं त्यावर करून पाहता येतील. ज्यांच्याकडे स्वतःचा ड्रायव्हर आहे त्यांनी मात्र पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक करावं. त्यातल्या सगळ्या कॉलबॅकची नावं एका कागदावर लिहावीत आणि हेडर न उघडता प्रत्येकापुढे ‘झोपू शकतो’ किंवा ‘झोपू नये’ एवढंच लिहावं. जिथे पेन अडेल, तिथलं प्रकरण आधी वाचा.